फ्रान्सिस्कन मँझनिटा

(शास्त्रीय नाव : आर्क्टोस्टॅफिलॉस फ्रान्सिस्काना, कुल : एरिकेसी). अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन फ्रान्सिस्को शहरापुरते मर्यादित असलेले दुर्मीळ सदाहरित झुडूप. 1947 नंतर ते निसर्गातून नाहीसे झाल्याचे मानले जात होते. 2009 मध्ये गोल्डन गेट पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्याचे एकच झुडूप सापडले. ते मुळांसकट हलवून जगवण्यात आले.

उंचीला ते जेमतेम 60 ते 90 सेंमी. होते, पण आडवे कित्येक मीटर पसरते. साल गुळगुळीत व तांबूस तपकिरी, पाने दीड-दोन सेंमी. लांबीची आणि जाडसर. हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत इवल्या सुरईच्या आकाराची पांढरी-गुलाबी फुले घोसाने लटकतात; फळ 6 ते 8 मिमी. असते. परागकोश उकलत नाहीत, त्यांच्या टोकाला दोन बारीक छिद्रे असतात. बंबलबी ही मोठी मधमाशी फुलाला लटकते, उडण्याचे स्नायू थरथरवते आणि त्या कंपनाने पराग मिठासारखे झडून तिच्या पोटावर पडतात. साध्या मधमाशीला ही युक्ती जमत नाही. शिवाय मँझनिटांच्या (आर्क्टोस्टॅफिलॉस प्रजातीतील झुडपांच्या) बहुतेक जातींत बी नीट धरण्यासाठी दुसऱ्या झुडपाचे पराग लागतात, म्हणून एकटे उरलेले झुडूप फुलांनी लगडले तरी वंश पुढे जाईल याची खात्री नसते.

अधिवास : हे झुडूप सर्पेंटाइन खडकाच्या उघड्या कातळावर वाढते. या खडकाच्या मातीत मॅग्नेशियम फार व कॅल्शियम कमी असते, निकेल-क्रोमियम भरपूर आणि नत्र अगदी थोडे. इतर वनस्पती अशा जागी खुरटतात, त्यामुळे तिथे याला स्पर्धा नसते. पावसाळा हिवाळ्यात येतो. उन्हाळा कोरडा, पण समुद्रावरून येणाऱ्या धुक्याने गार राहतो.

या जातीच्या बुंध्याशी, पुन्हा कोंब फुटावेत अशी गाठ नसते. वणव्यात झुडूप मरते आणि मातीत वर्षानुवर्षे पडून राहिलेले बी उष्णतेने व धुरातील रसायनांनी जागे होते. भर शहरात वणवा पेटू दिला जात नाही. नैसर्गिक पुनरुत्पादन अडते ते मुख्यतः इथे.

ऱ्हास : कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या वनस्पतिसंग्रहाच्या प्रमुख ॲलिस ईस्टवुड यांनी 1905 मध्ये या जातीचे वर्णन केले. त्या काळी हे झुडूप मुख्यतः लॉरेल हिल व मेसॉनिक या दफनभूमींत उरले होते. शहर चहूकडे वाढत असताना दफनभूमीची जमीन ना नांगरली गेली, ना तिच्यावर घरे उठली. म्हणून तेथे कातळावरची मूळचा झाडोरा टिकला. पुढे शहराने दफनभूमी हटवायचे ठरवले, अवशेष कोल्मा गावी नेले आणि जमीन बांधकामाला दिली. 1947 मध्ये लॉरेल हिलवरची शेवटची झुडपे बुलडोझरखाली गेली. त्याआधी जेम्स रूफ आदी वनस्पतिप्रेमींनी काही झुडपे उपटून बर्कलीजवळच्या टिल्डन उद्यानात लावली, म्हणून बागेत तरी ही जात वाचली.

पुनर्शोध : 16 ऑक्टोबर 2009 रोजी परिस्थितिकीतज्ज्ञ डॅनियल ग्लूसेनकॅम्प यांना गाडी चालवताना डॉयल ड्राइव्ह रस्त्याच्या एका वाहतूक-बेटावर हे झुडूप दिसले. 1936 मध्ये बांधलेला हा रस्ता भूकंपाला टिकेल असा नव्याने उभारायचे काम निघाले होते. त्यासाठी आजूबाजूची झाडे-झुडपे तोडल्यामुळेच इतकी वर्षे झाकलेले हे झुडूप उघड्यावर आले होते. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातील टॉम पार्कर व मायकेल व्हेसी या मँझनिटातज्ज्ञांनी त्याची ओळख पटवली. शंका येण्याचे कारण होते : जवळच प्रेसिडियोत (पूर्वीची लष्करी छावणी, आता उद्यान) रेव्हन मँझनिटा ही दिसायला मिळतीजुळती जात आहे आणि निसर्गात तिचेही एकच झुडूप उरले आहे. गुणसूत्रांवरून मात्र दोन्ही वेगळ्या ठरतात. रेव्हन चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेली) आहे, तर फ्रान्सिस्कन द्विगुणित (दोन संच असलेली).

स्थलांतर : झुडूप रस्त्याच्या आखणीत येत होते. डिसेंबर 2009 मध्ये राज्याचे वाहतूक खाते, प्रेसिडियो ट्रस्ट, राष्ट्रीय उद्यान सेवा आणि वन्यजीव खाती यांच्यात करार झाला. झुडूप मेले तरी वाण हातात राहावे म्हणून हलवण्याआधी छाट कलमे घेतली, जमिनीला टेकून मुळे फुटलेल्या फांद्या वेगळ्या केल्या आणि बी गोळा केले. 23 जानेवारी 2010 रोजी, भर पावसाळ्यात, मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट (हुंडीसकट) ते क्रेनने उचलून प्रेसिडियोतील अघोषित जागी नेण्यात आले. हुंडीचे वजन सुमारे 10 टन होते. इतकी माती नेण्याला कारण आहे. मँझनिटाची बारीक मुळे बुरशीशी सहजीवन करून अन्न घेतात. मुळे धुऊन किंवा उघडी करून लावलेले जुने झुडूप सहसा जगत नाही. पावसाळा निवडला, कारण त्या दिवसांत बाष्पीभवन कमी असते आणि कोरड्या उन्हाळ्याआधी नवी मुळे धरायला वेळ मिळतो.

या कामाच्या खर्चावर टीका झाली. हीच जात रोपवाटिकेत थोड्या डॉलरांत मिळते, असा मुद्दा होता. तो अपुरा आहे. बागेतली झुडपे थोड्याच मूळ झुडपांची कलमे आहेत, आणि बागेत शेजारी इतर मँझनिटा असल्याने तिथल्या बियांत संकर होतो. रानातले झुडूप जनुकीय विविधतेत भर घालते, ते बागेतून विकत आणता येत नाही.

लागवड : मँझनिटाची छाट कलमे हिवाळ्यात घेतात. 8 ते 10 सेंमी. लांबीचे अर्धपक्व शेंडे, खालची पाने काढून, आयबीए या मुळे फुटवणाऱ्या संजीवकात (साधारण 3,000 ते 8,000 पीपीएम, म्हणजे दशलक्षात तितके भाग) बुडवून परलाइट (फुलवलेला हलका खडक) जास्त व पीट (दलदलीतील कुजलेले शेवाळ) कमी अशा मिश्रणात लावतात. खालून सुमारे 21 अंश सेल्सिअस ऊब दिली की दोन महिन्यांच्या आसपास मुळे धरतात. बियांचे कवच दगडासारखे असते. ट्रेमधल्या बियांवर पाइनच्या सुया किंवा पेंढा जाळून, मग हिवाळाभर ट्रे बाहेर ठेवतात. किंवा तीव्र सल्फ्युरिक आम्लात काही तास ठेवून आधी उबेत, नंतर थंडीत प्रत्येकी सुमारे दोन महिने ठेवतात. एवढे करूनही उगवण अनियमित असते.

रोपे दगावतात ती बहुधा अतिपाण्याने. उन्हाळ्यात गरम माती ओली राहिली की फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू मुळांत शिरतो. शेंडे मलूल होतात, पाणी कमी पडले असे वाटून आणखी पाणी दिले जाते आणि झुडूप आठवड्याभरात वाळते. त्याहून गंभीर धोका म्हणजे रोपवाटिकेतून हा रोग थेट कातळावरच्या अधिवासात जाणे, कारण मातीत शिरल्यावर तो काढता येत नाही. म्हणून माती-मिश्रण वाफवून घेतात, कुंड्या जमिनीपासून उंच मांडवावर ठेवतात, जुन्या कुंड्या निर्जंतुक केल्याशिवाय वापरत नाहीत. पहिल्या पावसानंतर, बुंधा जमिनीच्या किंचित वर राहील असे लावावे. शेणखत किंवा रासायनिक खत देऊ नये.

कायदेशीर संरक्षण : सप्टेंबर 2012 मध्ये अमेरिकेच्या संघीय कायद्याने या जातीला ‘संकटग्रस्त’ दर्जा मिळाला आणि डिसेंबर 2013 मध्ये शहरातील सुमारे 230 एकर जमीन तिचा महत्त्वाचा अधिवास म्हणून घोषित झाली. हलवलेले झुडूप जगले व फुलले. त्याची आणि बागांतील जुन्या झुडपांची कलमे मिसळून प्रेसिडियोत लावली जात आहेत, जेणेकरून परपरागण होईल. दफनभूमीतल्या बहुतेक मूळ जागांवर आता इमारती आहेत, त्यामुळे नव्या जागा निवडताना तीन गोष्टी पाहिल्या जातात : उघडा सर्पेंटाइन कातळ, धुके आणि आसपास इतर मँझनिटा नसणे.