स्लाइडमधला काळा चौकोन

कार्यक्रम सुरू व्हायला पाच मिनिटं उरलेली, पडद्यावर स्लाइड येते आणि व्हिडिओच्या जागी नुसता काळा चौकोन. आवाज मात्र खणखणीत. मग लॅपटॉपवाला घाम पुसत म्हणतो, "काल घरी चालत होता हो!" खोटं बोलत नाही बिचारा. घरी चालतच होता.

पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉशवर आलं तेव्हा ते कृष्णधवल होतं, आणि मुख्य काम ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या ट्रान्स्परन्सी, म्हणजे पारदर्शक पानं, बनवायचं. संगणकावर हलतं चित्र त्यानंतर रुळलं: डिसेंबर १९९१ मध्ये ॲपलचं क्विकटाइम, नोव्हेंबर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं 'व्हिडिओ फॉर विंडोज' आणि त्याच्यासोबत एव्हीआय फाइल. स्लाइडमध्ये व्हिडिओ घालायची सोय झाली, पण तो उलगडायचं काम पॉवरपॉइंटने विंडोजवर सोपवलं. त्या मशीनवर जो कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा आणि परत उलगडणारा प्रोग्राम, असेल त्याच्या भरवशावर सगळा खेळ. पुढच्या बऱ्याच कटकटींचं मूळ मला इथेच दिसतं.

कारण एव्हीआय हा नुसता डबा. आतला व्हिडिओ सिनेपॅक कोडेकचा आहे, इंडिओचा आहे की पुढच्या काळातल्या डिव्हएक्सचा, हे झाकणावरून कळत नाही. घरच्या मशीनवर कोडेक पॅक टाकलेला असायचा, सभागृहातल्या मशीनवर नसायचा. म्हणून जाणकार मंडळी एमपीईजी-१ सुचवायची. व्हीसीडीचा, म्हणजे व्हिडिओ सीडीचा, तोच फॉरमॅट: ३५२ बाय २८८ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम. मोठ्या पडद्यावर चित्र फुटायचं, पण जवळपास कुठल्याही विंडोजवर चालायचं. लग्नाच्या सीडीतली .dat फाइल घ्यायची, नाव बदलून .mpg करायचं आणि स्लाइडमध्ये टाकायची, ही युक्ती बहुतेक वेळा लागू पडायची.

दुसरी भानगड पत्त्याची. २००७ च्या आवृत्तीपर्यंत व्हिडिओ प्रेझेंटेशनच्या आत जातच नसे, त्याची फक्त लिंक राहायची. पेन ड्राइव्हवर नुसती .ppt नेली की व्हिडिओ घरीच. फोल्डरात फोल्डर करत पत्ता १२८ अक्षरांच्या पुढे गेला, तरी लिंक तुटायची. दोन्ही फाइली एकाच फोल्डरात ठेवून मगच व्हिडिओ घाला, हा सल्ला त्यातूनच आला. २०१० च्या आवृत्तीत व्हिडिओ फाइलच्या पोटात गेला आणि ही पीडा बरीचशी टळली.

व्हिडिओ दाबायचं एच.२६४ हे मानक २००३ चं, पण ते उलगडणारा डिकोडर विंडोजमध्ये आयता मिळाला तो २००९ च्या विंडोज ७ पासून. ग्राफिक्स चिपही हे काम करू लागल्या, त्यामुळे प्रोसेसरवरचा भार उतरला. पॉवरपॉइंट २०१३ पासून मायक्रोसॉफ्टची शिफारस ठरून गेली: एमपी४ फाइल, आत एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज. त्याआधी त्यांचा जीव स्वतःच्या डब्ल्यूएमव्ही फॉरमॅटवर होता. मॅकवाल्यांना ती फाइल दिली की काय व्हायचं, ते त्यांनाच विचारा.

फॉरमॅट बरोबर असूनही व्हिडिओ अडखळतो, तेव्हा मी आधी आकार बघतो. ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. सभागृहातला जुना प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चा, म्हणजे आठ लाखांच्याही आतला. लॅपटॉपने दहापट पिक्सेल उलगडायचे आणि त्यातले नऊ हिस्से वाया घालवायचे. फाइल आधीच ७२० किंवा १०८० ला उतरवून घेतली, तर जुनं मशीनही निमूट चालतं.

आणि २०१७ पासून काळा चौकोन नव्या दारातून परत आलाय. आयओएस ११ आल्यावर नवे आयफोन एचईव्हीसीमध्ये, म्हणजे एच.२६४ च्या पुढच्या मानकात, चित्रण करू लागले, आणि डबा तोच जुना .mov. विंडोजच्या पुष्कळ मशीनवर ते उलगडायला कोडेकचं एक्स्टेन्शन वेगळं घ्यावं लागतं. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की नेहमीचं चित्रण एच.२६४ मध्ये होतं, पण ते शूटिंगच्या आधी करावं लागतं. आधीच काढलेला व्हिडिओ हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमधून बदलून घ्यायचा, आणि तोही आदल्या रात्री.