किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन

जमैकाचा मेलोडिकावादक आणि निर्माता ऑगस्टस पाब्लो (मूळ नाव होरेस स्वाबी) याचा १९७६ चा डब अल्बम. डब म्हणजे रेगे या जमैकन संगीतप्रकारातल्या गाण्यातला गळा बाजूला सारून उरलेल्या वाद्यमेळाची मिक्सरवर केलेली नवी मांडणी. गायक इथे एखाददुसऱ्या शब्दापुरता डोकावतो आणि विरून जातो.

शीर्षकातले 'रॉकर्स' हे पाब्लोच्या रेकॉर्ड लेबलचे नाव. किंग्स्टनमधल्या रँडीजसारख्या स्टुडिओत वाद्यमेळ आधीच ध्वनिमुद्रित झाला होता, तोही बव्हंशी गायकांच्या एकेरी तबकड्यांसाठी. ड्रम्सवर कार्लटन बॅरेट, बेसवर त्याचा भाऊ ॲस्टन आणि रॉबी शेक्सपिअर, गिटारवर अर्ल 'चिना' स्मिथ. बॅरेट बंधू तेव्हा बॉब मार्लीच्या वेलर्स या बँडमध्येही वाजवत.

खरा अल्बम घडला तो वॉटरहाऊस वस्तीत, किंग टबीच्या घरी. टबी, म्हणजे ऑसबोर्न रडक, पेशाने इलेक्ट्रॉनिक्सचा कारागीर. रेडिओ दुरुस्त करायचे, ॲम्प्लिफायर बांधायचे, हे त्याचे रोजचे काम. घरातल्याच एका खोलीत स्टुडिओ थाटलेला. गायकाला उभे करायला न्हाणीघर. अख्खा बँड बसवायला जागाच नव्हती. चार ट्रॅकची, म्हणजे वाद्ये चार वेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित केलेली, फीत लावायची आणि ती फिरत असतानाच हाताने खेळायचे: गिटार उडवायची, बेस आणि ड्रम्स तेवढे ठेवायचे, मध्येच तेही गाळायचे. हाय-पास फिल्टरची मोठी कळ फिरवली की खर्ज टप्प्याटप्प्याने निघून जाई आणि झांजेची नुसती चरचर उरे. स्प्रिंग रिव्हर्बच्या, म्हणजे स्प्रिंगने आवाजाला घुमारा देणाऱ्या, डब्याला थाप मारली की मेघगर्जना. वाद्य न वाजवणाऱ्या या माणसाचे नाव शीर्षकात वादकाच्या आधी आले, ते उगीच नाही.

मेलोडिका फुंकून वाजवायची असते. आत आपल्या पेटीसारख्याच धातूच्या पट्ट्या. शाळकरी मुलांचे वाद्य म्हणून तिला कुणी गंभीरपणे घेत नसे. पाब्लोने तिच्यावर मायनर स्वरांतल्या संथ, उदास सुरावटी वाजवल्या. या शैलीला 'फार ईस्ट' म्हणतात.

शीर्षकरचना जेकब मिलरच्या एका प्रेमगीताची डब आवृत्ती आहे. ब्रिटनमध्ये १९७५ साली आयलंड कंपनीने काढलेल्या तबकडीवर ती मागच्या बाजूला होती. नाव झाले ते त्या मागच्या बाजूचेच.