मॉरिशसच्या नोंदवहीतलं कोकण

परदेशातला मराठी माणूस म्हटलं की आपल्याला न्यू जर्सीतला इंजिनिअर आठवतो. मॉरिशसचे मराठी त्याच्या शंभरेक वर्षं आधीच गेले, तेही उसाच्या मळ्यात राबायला.

मॉरिशसमधली गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. ती संपणार हे मळेवाल्यांना ठाऊक होतं, म्हणून २ नोव्हेंबर १८३४लाच ‘ॲटलास’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरवले गेले. ते कलकत्त्याहून आले होते. मजुरांच्या हालांवरून ओरड झाली, भरती थांबली आणि १८४२मध्ये पुन्हा सुरू झाली, ती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून. मुंबईचं बंदर खुलं झालं आणि रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं जहाजात चढली. १९२०पर्यंत या बेटावर जवळपास पाच लाख भारतीय मजूर उतरले. त्यात मराठी थोडेच.

पगार महिना पाच रुपये आणि वर शिधा. एक खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचे. १८६७च्या कायद्यानंतर तर करार संपवून मोकळ्या झालेल्यालाही फोटो चिकटवलेलं तिकीट खिशात बाळगावं लागे. ते नसलं की थेट कोठडी.

पळालेला मजूर सापडावा म्हणून सरकारने बारकाईने नोंदी ठेवल्या: नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण. आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये याच वह्यांतून पणतू-खापरपणतू आपलं गाव शोधतात. पाळत ठेवायला लिहिलेली वही वंशावळ होऊन बसली! शोध मात्र सोपा नाही. कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. ‘रुटनाघेरी’ म्हणजे रत्नागिरी हे कळतं, पण लहानशा वाडीचं नाव असं मोडलं की हात टेकावे लागतात. पहिल्या पिढीचं नुसतं नाव पुढे आडनाव झालं. त्यामुळे तिथे ‘सखाराम’ हे आडनाव असतं, आणि त्यावरून मूळचे कदम की मोरे, काही कळत नाही.

घरात आता क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून तिथेच घडलेली बोली, बोलतात. गणेशचतुर्थीला मात्र देशभर सुट्टी असते आणि गणपतीपुढे ‘झाकरी’ हा नाच होतो. कोकणात आपण त्याला जाखडी म्हणतो.