बराकीतून मंत्रालयात : नायजेरियाचे जनरल दंजुमा

मे १९९९ मध्ये नायजेरियात लोकनियुक्त सरकार आले, तेव्हा स्वातंत्र्यानंतरच्या जेमतेम ३९ वर्षांपैकी जवळपास २९ वर्षे त्या देशाने लष्करी अंमलाखाली काढली होती. नवे राष्ट्राध्यक्ष ओलुसेगुन ओबासांजो हे स्वतः निवृत्त जनरल होते. १९६५ साली भारतात आले असताना त्यांनी वेलिंग्टन येथे आणि पुढे आपल्या पुण्यातही लष्करी प्रशिक्षण घेतले होते. सैन्याला पुन्हा बराकीत बसवायचे तर संरक्षण खाते कोणाच्या हाती द्यावे, या प्रश्नाला त्यांनी शोधलेले उत्तर म्हणजे त्यांचे जुने सहकारी, निवृत्त लेफ्टनंट जनरल थिओफिलस याकुबू दंजुमा. या निवडीमागे तीन दशकांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि तो ठाऊक असल्याशिवाय दंजुमांच्या मंत्रिपदाची चार वर्षे नीट उलगडत नाहीत.

दंजुमांचा जन्म ९ डिसेंबर १९३८ रोजी ताकुम येथे झाला. हे गाव आजच्या ताराबा राज्यात आहे. ते जुकुन समाजातले आणि धर्माने ख्रिस्ती, म्हणजे मुस्लिमबहुल उत्तरेत राहूनही तिच्या मुख्य प्रवाहाबाहेरचे. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, १९६० मध्ये ते सैन्यात दाखल झाले आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगोला जाऊन आले.

जानेवारी १९६६ च्या पहिल्या बंडात पंतप्रधान बालेवा, उत्तरेचे नेते अहमदू बेलो आणि उत्तरेकडील बरेच वरिष्ठ लष्करी अधिकारी मारले गेले. सत्ता जनरल आगुयी-इरोन्सी यांच्याकडे गेली. पण ते पूर्वेकडील इग्बो समाजाचे असल्याने आणि बंडखोरांवर खटला उभा राहत नसल्याने उत्तरेच्या तरुण अधिकाऱ्यांचा राग धुमसत राहिला. मगरीच्या आकाराची एक छडी इरोन्सी नेहमी जवळ बाळगत आणि तीच त्यांचे रक्षण करते, असे शिपाई मानत. २९ जुलै १९६६ रोजी ते इबादान येथील शासकीय निवासात मुक्कामाला असताना त्या निवासाला सैनिकांनी वेढा घातला. मेजर दंजुमांनी त्यांना अटक केली; इरोन्सी आणि त्यांचे यजमान, पश्चिम विभागाचे राज्यपाल फाजुयी, या दोघांनाही शहराबाहेर नेऊन ठार करण्यात आले. आपला इरादा केवळ अटकेचा होता, सैनिक हाताबाहेर गेले, असे दंजुमा पुढे सांगत आले. या खुलाशाने सर्वांचे समाधान झालेले नाही आणि ते होणे अवघडच आहे.

पूर्व भाग बियाफ्रा या नावाने फुटून निघाल्यावर पेटलेल्या १९६७ ते १९७० च्या यादवी युद्धात ते संघराज्याच्या बाजूने लढले. १९७५ मध्ये तेव्हाचे लष्करी शासक गोवॉन यांना हटवून मुर्तला मोहम्मद सत्तेवर आले आणि दंजुमा लष्करप्रमुख झाले. १३ फेब्रुवारी १९७६ रोजी लागोसच्या वाहतुकीत अडकलेल्या मोटारीत मुर्तला यांची गोळ्या घालून हत्या झाली. कटवाल्यांनी ठार करायचे ठरवलेल्यांच्या यादीत दंजुमांचेही नाव होते. ते बचावले आणि त्यांनी बंड मोडून काढले. सर्वोच्च पद त्या घडीला त्यांच्या आवाक्यात होते, तरी ते न घेता त्यांनी ओबासांजोंना पुढे केले. १९७९ मध्ये ठरल्याप्रमाणे सत्ता नागरी सरकारकडे सोपवली गेली आणि दंजुमा निवृत्त झाले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत उजळ बाजू हीच आहे. पुढची वीस वर्षे जहाजवाहतूक आणि तेल यांच्या व्यवसायात गेली. १९९० च्या दशकातले लष्करशहा सानी अबाचा यांच्या राजवटीत त्यांच्या कंपनीला मिळालेल्या एका तेलपट्ट्यातील वाटा २००६ मध्ये चिनी कंपनीला सुमारे २.२७ अब्ज डॉलरला विकला गेला.

मंत्रिपदावर आल्यानंतर काही महिन्यांतच, नोव्हेंबर १९९९ मध्ये, बायेल्सा राज्यातील ओडी गावावर सैन्य चालून गेले. तेथे एका टोळीने बारा पोलिसांना मारले होते. सैन्य परतले तेव्हा त्या गावात बँक, चर्च आणि आरोग्य केंद्र एवढ्याच इमारती धड उरल्या होत्या. तेलविहिरी, तेलवाहिन्या अशा तेल उद्योगाच्या ठिकाणांचे संरक्षण हाही या मोहिमेचा हेतू असल्याचे दंजुमांनी सांगितले. २०१३ मध्ये न्यायालयाने गावकऱ्यांना ३७.६ अब्ज नायरा भरपाई देण्याचा आदेश दिला.

ऑक्टोबर २००१ मध्ये बेन्वे राज्यातील झाकी बियाम परिसरात तोच प्रकार घडला. टिव आणि जुकुन समाजांतील संघर्षाच्या काळात १९ सैनिकांचे अपहरण करून त्यांना ठार करण्यात आले आणि त्याचा सूड म्हणून सैन्याने दोनशेहून अधिक टिव नागरिकांचे प्राण घेतले. काही महिन्यांपूर्वी पदावरून दूर केलेले लष्करप्रमुख व्हिक्टर मालू याच भागातले. त्यांचे घर पाडले गेले, नातलग मारले गेले. संरक्षणमंत्री स्वतः जुकुन असल्याने त्यांच्या निष्पक्षतेविषयी टिव समाजाने उघडपणे शंका घेतली. जानेवारी २००२ मध्ये लागोसमधील इकेजा छावणीच्या दारूगोळा कोठारात स्फोट झाले, तेव्हा जीव वाचवायला पळणारी माणसे, त्यात असंख्य मुले, अंधारात कालव्यात बुडाली. मृतांचा आकडा हजाराच्या पुढे गेला.

२००३ मध्ये दंजुमांनी मंत्रिपद सोडले. मार्च २०१८ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षात, जालिंगो येथील विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यांनी लोकांना सांगितले की सशस्त्र दले तटस्थ राहिलेली नाहीत, ती हल्लेखोरांशी संगनमत करतात, तेव्हा आपले रक्षण आपणच करा. ज्या सैन्याचे ते प्रमुख होते आणि पुढे मंत्रीही, त्याच सैन्याने या आरोपाच्या चौकशीसाठी समिती नेमली. समितीला आरोपात तथ्य आढळले नाही.