प्लाझ्माचे तापमान: मोजमाप आणि अनुमान यांची पार्श्वभूमी

अणुसंमीलनाच्या (हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्याच्या) प्रयोगांच्या बातम्यांत ‘इतके कोटी अंश तापमान गाठले’ असे लिहिलेले असते. ते कशाने मोजले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. अशा प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित कणांच्या अतितप्त वायूत, तापमापक टिकत नाही. त्यातून निघणारा प्रकाश, न्यूट्रॉन आणि चुंबकीय क्षेत्रातले बदल टिपून आतल्या स्थितीचे अनुमान करावे लागते.

हे अनुमान किती फसवे असू शकते, ते १९५८ साली ब्रिटनमधील हार्वेल येथे दिसले. तीनच वर्षांपूर्वी जिनिव्हाच्या परिषदेत होमी भाभांनी दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा ताब्यात येईल असे भाकीत केले होते, आणि उत्साह सर्वत्र होता. तिथल्या ‘झीटा’ या संमीलन-यंत्रात न्यूट्रॉन मिळाले, प्रकाशातील वर्णरेषांच्या (ठरावीक रंगांच्या रेषांच्या) रुंदीवरून तापमान सुमारे ५० लाख अंश निघाले, आणि न्यूट्रॉन उष्णतेमुळे घडलेल्या संमीलनातूनच आल्याची ९० टक्के खात्री असल्याचे हार्वेलचे प्रमुख जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी पत्रकारांना सांगितले. काही महिन्यांतच दावा मागे घ्यावा लागला. न्यूट्रॉन प्लाझ्मातील अस्थिरतेमुळे वेग मिळालेल्या कणांचे होते. त्या ९० टक्क्यांमागे कोणते गणित होते, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

त्यामुळे १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथे रशियन शास्त्रज्ञांनी टी-३ टोकामॅकमध्ये (प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने कोंडणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्रात) सुमारे एक कोटी अंशांचा दावा केला, तेव्हा पाश्चात्त्य देशांत शंका उमटल्या. पुढच्या वर्षी ब्रिटनमधील कलहॅम प्रयोगशाळेचे पथक रूबी लेझर घेऊन मॉस्कोला गेले. इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेल्या प्रकाशाने रशियन आकड्याला दुजोरा मिळाला. मात्र हा विखुरलेला प्रकाश अत्यंत क्षीण असतो. मोजके फोटॉन हाती लागतात, आणि प्रत्येक आकड्यासोबत त्याची अनिश्चितता सांगणे भाग पडते.

एकाच उपकरणावर विसंबायचे नाही, हा पुढचा टप्पा. नाशिककरांना तो नवा वाटू नये. रामकुंडावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले एवढ्यावरून पुराचा अंदाज बांधता येतो. पण गंगापूर धरणाचा विसर्ग किती क्युसेक आहे आणि शहरात पाऊस किती झाला, हे जोडले की अंदाज आवळत जातो. १७६३ साली, इंग्रज गणिती थॉमस बेझ यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध आणि फ्रेंच गणिती लाप्लास यांनी त्या विचाराला दिलेले व्यापक रूप यांत अशी जोडणी करण्याचा नियम आहे: आधीची माहिती आणि नवे मोजमाप यांतून संभाव्यता सुधारत नेणे. संगणक पुरेसे वेगवान झाल्यावर, विशेषतः २००० नंतर, जर्मनीत गार्शिंग येथील ‘ॲस्डेक्स अपग्रेड’ या टोकामॅकवर अनेक उपकरणांची मापने एकत्र घेऊन घनता व तापमान काढण्याची पद्धत रुळली. ‘मिनर्व्हा’ ही तशीच संगणकीय चौकट आधी ब्रिटनमधील ‘जेट’ या टोकामॅकवर आणि नंतर जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथील ‘वेंडेलस्टाइन ७-एक्स’ या संमीलन-यंत्रावर वापरली गेली.

यातील खरी मेख ‘आधीची माहिती’ कोणती धरायची, ही आहे. तापमान आतून बाहेर सावकाश उतरते असे गृहीत धरले, तर काठाजवळचा तीव्र उतार गणितातच पुसट होतो. आणि १९८२ मध्ये जुन्या ‘ॲस्डेक्स’वर सापडलेल्या उच्च-बंदिस्ती अवस्थेचे (जिच्यात प्लाझ्मातली उष्णता अधिक काळ टिकते) मर्म नेमके त्या उतारात आहे. म्हणून अलीकडच्या विश्लेषणांत मध्यभागासाठी संथ बदलाचे आणि काठासाठी झपाट्याच्या बदलाचे, अशी वेगवेगळी गृहीतके धरली जातात.