परदेशातल्या भारी डिनरला साडी चालत नाही? चूक आहे हे

आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगावात कुणी युरोपला निघालं की मावशी, काकू हमखास म्हणतात, “साडी कशाला नेऊलालीस, तिथं गाऊनच लागतोय की.” मग महागडा गाऊन घेतात, एकदा घालतात आणि तो कपाटात पडून राहतोय. वाईट वाटतं बघून, कारण हे खरंच नाही. इंग्लंडमधल्या रॉयल अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीत रॉयल एन्क्लोजरचा, म्हणजे निवडक पाहुण्यांच्या खास जागेचा, ड्रेसकोड केवढा कडक, पण तिथंसुद्धा परदेशी पाहुण्यांना आपापल्या देशाचा फॉर्मल पोशाख चालतो, असं नियमातच आहे. फक्त आपल्या ठिकाणाचा ड्रेसकोड आधी वाचा.

आणि बॅगेत तर साडीच सोयीची. आईची इरकल मी घडी करून उशीच्या सुती अभ्र्यात घातली, फायलीएवढी जागा लागली, वर तो टोप तेणीचा, म्हणजे पांढऱ्या दातेरी नक्षीचा, लाल पदर असला की वेगळे दागिने लागतच नाहीत. जरीची असली तर घडी मात्र बदलून घाला, जुन्या घडीवर जर तुटते. परकर, ब्लाऊज, पिना साडीसोबतच केबिन बॅगेत ठेवा, मोठी बॅग उशिरा आली तर तिथं परकर कुठं शोधणार?