शस्त्रक्रियेदरम्यान गाठीतील रक्तवाहिन्यांचे सूक्ष्मदर्शन

त्वचेच्या कर्करोगाची, विशेषतः मेलॅनोमाची, गाठ काढताना तिच्यातील रक्तवाहिन्या वाहत्या रक्तासह सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत. काढलेल्या गाठीचा काप कितीही बारकाईने तपासला तरी त्यातले रक्त थांबलेले असते. वाहिनी आहे एवढे कळते. ती चालू होती की बंद, हे कळत नाही. ही उणीव ही पद्धत भरून काढते, आणि तिचे मोल त्यातच आहे.

जिवंत प्राण्यात असे पाहणे जुनेच. इटालियन वैद्य माल्पिगीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्यांचे वर्णन केले होते. माणसाच्या गाठीवर मात्र हे फार उशिरा आले. अमेरिकेतील बफेलो येथील रॉझवेल पार्क कर्करोग संस्थेच्या चमूने मेलॅनोमाच्या रुग्णांवरील निरीक्षणे २०१६ मध्ये प्रसिद्ध केली.

शस्त्रक्रियेत गाठ उघडी केल्यावर तिच्यावर सूक्ष्मदर्शक टेकवतात आणि शिरेतून फ्लुरोसीन देतात. नेत्रपटलाच्या तपासणीत हे रंगद्रव्य पूर्वापार वापरले जाते. निळ्या प्रकाशात ते हिरवे चमकते. रक्तद्रव उजळतो, पण तांबड्या पेशी रंग घेत नाहीत. त्यामुळे ७-८ मायक्रोमीटरच्या या पेशी उजळ प्रवाहातून काळसर ठिपक्यांसारख्या सरकताना दिसतात. त्यांच्यावरून प्रवाहाचा वेग आणि वाहिनीचा व्यास मोजता येतो. व्यवहारातली मोठी अडचण हालचालीची: रुग्णाच्या श्वासाबरोबर ऊती हलते, आणि एवढ्याशा दृश्यक्षेत्रात ती हालचालही चित्र बिघडवते. शिवाय फ्लुरोसीनचा रेणू लहान असल्याने गाठीच्या गळक्या वाहिन्यांतून तो बाहेर झिरपतो, पार्श्वभूमीही चमकू लागते आणि पाहण्याचा अवधी आखडतो.

बफेलोच्या निरीक्षणांत गाठीतील जवळपास निम्म्या वाहिन्यांतून रक्त वाहतच नव्हते. हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. शिरेतून दिलेले औषध आणि कर्करोगाशी लढणाऱ्या श्वेतपेशी दोन्ही रक्तावाटेच गाठीत पोचतात. वाहिनी बंद असेल तर औषध प्रभावी असूनही त्या भागात पुरेसे जात नाही. ऑक्सिजनही वाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंतच पोचतो, आणि त्याची कमतरता असलेल्या पेशी किरणोपचाराला कमी दाद देतात.

गाठीच्या कडा स्वच्छ निघाल्या का, म्हणजे कडेला कर्करोगाच्या पेशी नाहीत ना, हे ठरवण्यासाठी ही पद्धत नाही. ते काम विकृतिशास्त्रीय तपासणीचेच. प्रकाश ऊतीत फार खोल शिरत नसल्याने पृष्ठभागालगतच्याच वाहिन्या दिसतात, आणि मेलॅनोमातील मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य त्यातलाही बराच प्रकाश शोषून घेते.